आपली माणसं 🙏 (फॅमिली ग्रुप)

रोहन (स्वीडन): माझ्या टेबलावरच्या वस्तऱ्याला कोणी हात लावला? घरात मी, आई आणि बाबा एवढेच आहोत.

सुधाआत्या: मग ग्रुपवर कशाला विचारतोस रे 😄

रोहन: समोर विचारलं की बाबा फिरायला निघून जातात.

बाबा: गंज काढला. ड्रिलला तारेचा ब्रश लावला, दहा मिनिटांत आरसा. आभार नकोत.

बापूकाका: ड्रिल?? अण्णा! फोटो टाक. रंग बदललाय का कुठे?

रोहन: 📷 टोकाला निळसर पट्टा आलाय.

बापूकाका: निळा म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं. तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. कितीही धार लाव, टिकायची नाही. जन्म टूलरूममध्ये गेलाय माझा.

बाबा: नानांच्या घड्याळाचं काय झालं होतं ते पण सांग की.

मंदार: 🍿

सुधाआत्या: नानांच्या पंचाहत्तरीच्या हॉलचे पैसे चौघांकडून यायचेत. नावं घेत नाही.

रोहन: साधा वस्तरा नाही तो. बुडाशी हेल्येस्ट्रांड, एस्किल्स्टूना असा शिक्का आहे, म्हणजे बनवणारा आणि त्याचं इथलं गाव. शिवाय इंग्रजीत ‘स्वीडन’. १८९० च्या अमेरिकन कायद्याने मालावर देशाचं नाव इंग्रजीत लागायला लागलं, म्हणजे बहुधा त्यानंतरचा, निर्यातीचा माल. मी ओल्या पॉलिश पेपरने हातानेच घासणार होतो, ४०० नंबरच्या जाड्यापासून २००० च्या बारीकपर्यंत. नानाकाकांना द्यायचा होता.

बापूकाका: हँडल नीट बघ. सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लॅस्टिक) असेल तर बंद पेटीत ठेवू नकोस. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, पातं खाते.

मंदार: नाना तर ट्रिमर वापरतात 😂

सुधाआत्या: मंदार, तुझे पण यायचेत.

मंदार: जीपे केलेत आत्या. काल. बघा तरी.

बापूकाका: परत सांगतो, सेल्युलॉइड असेल तर बंद पेटीत नको.

रोहन: हस्तिदंत असेल तर?

बापूकाका: मग इकडे आणूच नकोस, कस्टमवाले अडवतील. वन्यजीव कायदा आहे. बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. आखल्यासारख्या एकसारख्या रेघा दिसल्या तर सेल्युलॉइड. हस्तिदंताच्या रेघा इतक्या शिस्तीत नसतात.

रोहन: पट्टीने आखल्यासारख्याच आहेत.

बापूकाका: म्हणजे सेल्युलॉइड. बंद पेटीत नको. आणि आच लावू नकोस, भडकन पेटतं.

बाबा: मी मेणबत्तीवर तपासणार होतो.

रोहन: बाबा!!!

बापूकाका: निळं टोकापुरतंच असेल तर तेवढं घासून टोक गोल कर, बाकीचं पातं वाचेल. दर दोनदा घासलं की पाण्यात बुडव. मग धारेचा १००० नंबरचा दगड, मग ८००० चा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत.

बाबा: दगड आहे घरात. मी करतो.

आई: ड्रिल मी कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडे आहे. दोघं जेवायला या.

सुधाआत्या: वहिनी, तुमचे हॉलचे?