शैक्षणिक नेतृत्व विषयात पदव्युत्तर शिक्षण : अनुदानित शाळेतील शिक्षकाने काय निवडावे?

प्रश्न – पर्यवेक्षिका, बीड जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि गेल्या वर्षापासून पर्यवेक्षक म्हणूनही काम पाहते. माझे बी.एस्सी., बी.एड. झाले आहे. पुढील काही वर्षांत आमचे मुख्याध्यापक सेवानिवृत्त होतील आणि सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्यानंतर माझे नाव आहे. त्यापूर्वी शैक्षणिक नेतृत्व किंवा शैक्षणिक व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे मनापासून वाटते. पूर्णवेळ एम.एड. करायचे तर रजा घ्यावी लागेल आणि आमच्या शाळेत गणिताला दुसरे शिक्षक नाहीत. मुक्त विद्यापीठातून एम.ए. केले तर त्याला पुरेसे वजन असते का? मुख्याध्यापकपदासाठी या पदवीचा प्रत्यक्ष उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे, या अभ्यासातून शाळा चालवण्याचे काम खरोखर शिकायला मिळते का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ – निवृत्त उपशिक्षणाधिकारी, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, नियमांची बाजू आधी स्पष्ट करतो, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत. खासगी शाळांतील नेमणुका महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीप्रमाणे होतात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि किमान ५ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षे बी.एड. नंतरची असावी लागतात. या अटी पूर्ण करणाऱ्या आणि सेवा समाधानकारक असलेल्या शिक्षकांपैकी जो सर्वांत ज्येष्ठ असेल त्याची नेमणूक व्यवस्थापनाने करायची असते, आणि ज्येष्ठता त्याच नियमावलीतील अनुसूची ‘फ’ प्रमाणे ठरते. म्हणजेच नेतृत्वाची पदवी घेतल्याने आपण यादीत वर जाणार नाही आणि ती नसल्याने आपला हक्कही जाणार नाही. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मुख्याध्यापक निवडण्याचे स्वातंत्र्य आहे.

पदवीसाठी पदवी घ्यायची नसेल तर मार्ग खुले आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. (शिक्षणशास्त्र) मध्ये शैक्षणिक व्यवस्थापन हे विशेषीकरणाचे क्षेत्र आहे, आणि त्याच विद्यापीठाची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन या विषयाची पदव्युत्तर पदविकाही आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका तर आपल्याकडील अनेक मुख्याध्यापकांनी केलेली आहे. ती पदव्युत्तर पदवी नव्हे, पण मराठीतून शिकता येते आणि संचमान्यता (विद्यार्थिसंख्येवरून मंजूर होणारी शिक्षकपदे), अंदाजपत्रक, अभिलेखे या रोजच्या गोष्टींशी तिचा जवळचा संबंध आहे. एम.एड. मात्र २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या विनियमांनंतर दोन वर्षांचे झाले आहे. अध्यापक महाविद्यालयात जाण्याची इच्छा असेल तरच त्यासाठी रजेचा विचार करावा. कोणताही दूरस्थ अभ्यासक्रम निवडताना त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी पाहावे. संस्थेची लेखी परवानगी घेऊन सेवापुस्तकात नोंद करून ठेवावी. पुढे निवडश्रेणीचा (दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा) प्रस्ताव पाठवताना वाढीव अर्हतेची कागदपत्रे हाताशी लागतात.

उत्तर २ – निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर

ताई, साहेबांनी नियम नेमके सांगितले. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मुख्याध्यापक झाल्यावर दिवसाचा बहुतेक वेळ शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळेची माहिती भरण्याची प्रणाली), पोषण आहाराच्या नोंदी, वेतनेतर अनुदानाचे हिशोब आणि पंचायत समितीच्या बैठका यांतच जातो. हे काम टाळता येत नाही आणि ते वाईटही नाही. परंतु ते सारे वेळेत केले तरी वर्गात काय चालले आहे हे आपल्याला कळत नाही. नेतृत्वाचा अभ्यास नेमका तिथे उपयोगी पडतो. ऑकलंड विद्यापीठातील विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक संशोधनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. अध्यापनावर लक्ष केंद्रित करणाऱ्या नेतृत्वाचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर होणारा परिणाम, केवळ प्रेरणा आणि दूरदृष्टी यांवर भर देणाऱ्या नेतृत्वाच्या परिणामापेक्षा तिप्पट-चौपट असल्याचे त्यांना आढळले. त्यातही सर्वांत प्रभावी ठरले ते शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होणे. आपल्याकडे प्रशिक्षणाला शिक्षकांना पाठवून मुख्याध्यापक कार्यालयात बसतात, तेव्हा मला हे संशोधन हटकून आठवते.

एक उदाहरण देते. आमच्या शाळेच्या तास निरीक्षण वहीत वर्षानुवर्षे एकच शेरा असे : ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखन चांगले, विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.’ एम.ए. करताना मी निरीक्षणाची पद्धत बदलली. वर्गाच्या बैठकव्यवस्थेचा साधा आराखडा कागदावर काढायचा आणि शिक्षकांनी ज्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात खूण करायची, एवढेच. तास संपल्यावर मी शेरा लिहिला नाही, तो कागदच शिक्षकांसमोर ठेवला. जवळजवळ सगळ्या खुणा पुढच्या दोन बाकांवर होत्या आणि खिडकीकडच्या मुलींच्या रांगेत एकही नव्हती. ते शिक्षक कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, पुढच्या आठवड्यात पुन्हा या.” शेरा मिळाल्यावर मला पुन्हा बोलावले, असे त्यापूर्वी कोणीही केले नव्हते.

म्हणून अभ्यासक्रमाचे नाव काय आहे यापेक्षा त्यात प्रबंध किंवा प्रकल्प आपल्याच शाळेवर करता येतो का, हे आधी विचारा. तुमच्या जिल्ह्यात तर विषय समोरच उभा आहे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले की किती मुले सोबत जातात, किती आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, परत आलेल्या मुलांचे गणितातले नेमके कोणते घटक सुटलेले असतात आणि त्यासाठी वेळापत्रकात काय बदलावे लागते, हा अभ्यास मुख्याध्यापकानेच करण्याजोगा आहे. हजेरीपट आणि चाचण्यांच्या उत्तरपत्रिका तुमच्या कपाटात आहेतच.

उत्तर ३ – शिक्षिका, न्यू जर्सी, अमेरिका

मी मूळची कोल्हापूरची. इकडील पद्धत तुलनेसाठी सांगते. न्यू जर्सीत शाळेचा प्रिन्सिपल होण्यासाठी शैक्षणिक नेतृत्व किंवा जवळच्या विषयातील मास्टर्स पदवी, ५ वर्षांचा शैक्षणिक अनुभव, ३०० तासांची इंटर्नशिप आणि परवान्याची परीक्षा असे सगळे लागते. ज्येष्ठतेने हे पद मिळत नाही. त्यामुळे येथे ही पदवी म्हणजे पदाचे दार आहे आणि ती घेणाऱ्यांत केवळ परवान्यासाठी येणारेही असतात.

तरीही मला सर्वांत जास्त शिकवले ते इंटर्नशिपने. एखाद्या प्रिन्सिपलच्या सोबत राहून पालकांची तक्रार कशी ऐकायची, वेळापत्रक कसे बसवायचे, शिक्षकाशी अवघड विषयावर कसे बोलायचे, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. तुमच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप नसेल तर तुम्ही स्वतः ती घडवू शकता. शेजारच्या एखाद्या चांगल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती करून त्यांच्यासोबत काही पूर्ण दिवस घालवावेत. वाचनासाठी येथील २०१५ ची शैक्षणिक नेतृत्वाची १० मानके उपयोगी पडतील, मात्र ती अमेरिकेतील शाळांसाठी लिहिलेली आहेत हे ध्यानात ठेवावे.

पर्यवेक्षिका, बीड जिल्हा

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. पदासाठी पदवी लागत नाही हे कळल्यावर मोकळे वाटले. एम.ए. (शिक्षणशास्त्र) करून शैक्षणिक व्यवस्थापन हे क्षेत्र घ्यायचे, असे आता मनाशी ठरवत आहे. एकच शंका आहे. ते साहित्य इंग्रजी किंवा हिंदीत असते आणि माझा सगळा अभ्यास मराठीत झाला आहे. निभावेल का?

निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर

निभावेल, ताई. हिंदी साहित्य वाचायला सुरुवातीला वेळ लागतो, नंतर सवय होते. प्रकल्पाच्या नोंदी मात्र मराठीतच ठेवा, म्हणजे त्या तुमच्या सहशिक्षकांनाही वाचता येतील. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्थेत शाळा नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्यांचे साहित्य चाळून पाहा. आणि बैठकव्यवस्थेचा कागद याच आठवड्यात एका तासाला करून बघा, त्यासाठी प्रवेशाची वाट पाहायची गरज नाही. आधी स्वतःच्या गणिताच्या तासाला एखाद्या सहकाऱ्याला बसवा आणि त्यांच्या तासाला नंतर जा. हा क्रम पाळला तर कोणाला ती तपासणी वाटत नाही.