कंडेन्सर 'दगड लागून' फुटला म्हणून वॉरंटी नाकारली, एस्टिमेट २५,०७६ रुपये. यातलं काय भरायचं?

प्रश्न – अर्धा_क्लच

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. वय २ वर्षं ८ महिने, रनिंग ४१,००० किमी. कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी. एसी गार होत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, कंडेन्सर (बंपरमागची एसीची जाळी, जिथे गॅस थंड होतो) लीक आहे आणि तो दगड लागून फुटलाय, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट, सगळे आकडे जीएसटीसह:

कंडेन्सर ८,९४०
गॅस आणि तेल २,१००
मजुरी (बंपर काढून बसवणे धरून) २,३६०
पुढचे ब्रेक पॅड, मजुरीसह ३,१८०
थ्रॉटल बॉडी क्लिनिंग १,२९८
इंजेक्टर क्लिनिंग १,४१६
एसी डिसइन्फेक्शन १,०६२
अंडरबॉडी कोटिंग ४,७२०

अजून कशालाच होकार दिलेला नाही. दगडाचं कारण तपासता येतं का? इन्शुरन्समधून करावं का? की बाहेर करून घ्यावं, आणि तसं केलं तर उरलेली वॉरंटी जाते का?

उत्तर १ – दहा_बाराचा_पाना

आधी लीक कुठे आहे ते ठरू द्या, पैशांचं मग बघू. 'कंडेन्सर लीक आहे' हे गेजवरचा दाब बघून कळत नाही. सिस्टिममध्ये द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी गाडी बंद असतानाचा दाब बाहेरच्या तापमानावरच ठरतो. गॅस आर-१३४ए प्रकारचा असेल तर ३० अंशांना साधारण ९५-१०० पीएसआय, मग आत ४५० ग्रॅम असो की २५०. म्हणून गॅस मशीनने बाहेर ओढून वजन करायला सांगा. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकर ४५० म्हणत असेल आणि मशीनमध्ये १८० आला, तर गळती नक्की. ४३० आला तर कंडेन्सरला हात लावायचं कारण नाही. मग पंखा, कॉम्प्रेसरचा क्लच, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बघायचा. सिग्नलला गार होत नाही पण हायवेला होतो, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर.

गळती ठरली की जागा शोधायची. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी मारा किंवा यूव्ही डाय घालून निळ्या दिव्याखाली बघा. आता दगडाचं. दगड लागला असेल तर पुढच्या बाजूने, जाळीच्या मधल्या भागात एकाच ठिकाणी फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्या, आत दबलेल्या दिसतात आणि तिथेच तेलाला धूळ चिकटून काळा डाग पडलेला असतो. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, म्हणून हा डाग खोटं बोलत नाही. डाग कडेला, आडव्या नळ्या उभ्या पाइपला जोडलेल्या असतात त्या सांध्यावर असेल आणि आजूबाजूच्या फिन्स सरळ असतील, तर तो ब्रेझिंगचा, म्हणजे कारखान्यात केलेल्या जोडाचा, दोष. तो वॉरंटीतच यायला हवा. तिसरा प्रकार खालच्या कोपऱ्यात पांढरी पूड, म्हणजे गंज. चिखल साचून राहतो तिथे. यावर मात्र सर्व्हिस सेंटर वाद घालणार.

बंपर काढल्यावर फोटो तुम्ही स्वतः काढा, पार्ट खाली उतरवायच्या आधी.

आणखी एक. इव्हॅपोरेटर, म्हणजे डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, तपासल्याशिवाय कंडेन्सर बदलू देऊ नका. दोन्हीकडे गळती असली तर नवा कंडेन्सर टाकूनही दोन महिन्यांत गॅस जातो आणि २,१०० पुन्हा मोजावे लागतात. ब्लोअर काढून किंवा पाणी ठिबकतं त्या ड्रेन नळीपाशी लीक डिटेक्टर धरला की समजतं.

कंडेन्सर बदलला तर व्हॅक्यूम किमान अर्धा तास हवा, आणि पंप बंद केल्यावर काटा हलता कामा नये. बऱ्याच छोट्या गाड्यांत ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) कंडेन्सरच्याच बाजूच्या उभ्या नळीत असतो. तसं असेल तर एस्टिमेटमध्ये ड्रायर वेगळा लावता येत नाही. जुन्या कंडेन्सरबरोबर गेलेलं तेल, साधारण २०-३० मिली पीएजी (कॉम्प्रेसरचं तेल), परत घालावं लागतं. त्याहून जास्त घातलं तर कूलिंग कमी होतं, कमी घातलं तर कॉम्प्रेसर जातो.

उत्तर २ – बिलवाचक

वरच्यांनी गॅसचं सांगितलंच आहे, मी खालच्या ओळींचं बोलतो. शेवटच्या चार ओळी मिळून ८,४९६ होतात. त्यातली एकही ओळ एसीच्या तक्रारीतून निघालेली नाही.

थ्रॉटल बॉडी: आयडलिंगला आरपीएम वरखाली होत असेल, सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर करा. नाहीतर ४१,००० ला गरज नाही. केलीच तर नंतर स्कॅनरने थ्रॉटल रीसेट झालं का विचारा, नाहीतर आयडलिंग चढंच राहतं आणि तुम्ही पुन्हा तिथेच जाता. इंजेक्टर: मिसफायर नाही, ॲव्हरेज पडलेलं नाही, मग कशाला? डिसइन्फेक्शन म्हणजे बहुतेकदा फोमचा एक डबा. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर बदलला की निम्मा वास जातो, आणि ते काम घरी पाच मिनिटांचं आहे. अंडरबॉडी कोटिंग रत्नागिरी-मालवणकडे, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने करावं. पुण्या-नाशिकच्या गाडीला कारखान्यातला थर पुरतो. केलंच तर दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) खालची पाणी जाण्याची भोकं बुजवलेली नाहीत ना ते बघा. बुजली तर ज्या गंजाला घाबरून पैसे दिले तोच आतून सुरू होतो.

ब्रेक पॅडला आंधळेपणाने नाही म्हणू नका. मिलिमीटर विचारा. नवा पॅड साधारण १०-१२ मिमीचा असतो आणि ३ मिमीच्या आसपास बदलायचा. जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) '४०% उरलेत' असं लिहितात, त्याला अर्थ नाही. आतल्या बाजूचा पॅड आधी झिजतो, त्यामुळे माप त्याचं हवं. आतला ३ आणि बाहेरचा ७ असेल तर पॅड बदलून भागत नाही, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात. त्या साफ करून ग्रीस लावलं नाही तर नवा पॅडही तसाच जाईल.

आता एमआरपी. जेन्युइन पार्टच्या खोक्यावर असते आणि त्यात कर धरलेला असतो. बिलावर मात्र मूळ दर वेगळा आणि जीएसटी वेगळा दाखवतात. बेरीज खोक्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त भरता कामा नये. तुमचा कंडेन्सर ७,५७६ + १८% = ८,९४०. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा कर १८% झालाय. आधी बऱ्याच पार्टना २८% होता, आणि तेव्हा हाच मूळ दर ९,६९७ ला गेला असता. म्हणून कुणी २८ लावलेला जुना रेट काढत असेल तर तिथेच थांबवा. मजुरीवर आधीही १८ होता, आताही १८ आहे.

उत्तर ३ – नो_क्लेम_नाना

इन्शुरन्सचं गणित मांडून बघा, बऱ्याचदा उलटं बसतं.

पहिली गंमत: दगडच लागला असेल तर ते 'बाहेरून झालेलं अपघाती नुकसान', म्हणजे ओन डॅमेज क्लेम. विमा कंपनीचा सर्व्हेअर आघाताची खूण मागणार. सर्व्हिस सेंटर वॉरंटीला दगड दाखवतं आणि सर्व्हेअरला दगड दिसत नाही, असं झालं तर तो कागद जपून ठेवा. वॉरंटीच्या भांडणात तोच कामाला येतो.

झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नसेल तर दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर १५% घसारा. ८,९४० चे ७,५९९ राहतात. मजुरी २,३६० मिळवा, सक्तीचे १,००० वजा करा (१५०० सीसीपर्यंत १,०००, वर २,०००). हाती ८,९५९. गॅस-तेलाचे पैसे कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन असेल तरच.

आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट) सध्या २५% असेल, क्लेम न करता रिन्यू केलात तर ३५%. क्लेम केलात की शून्यावरून सुरुवात: ०, २०, २५, ३५, ४५. न केल्यास ३५, ४५, ५०, ५०, ५०. फरक ३५+२५+२५+१५+५ = १०५%. ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० धरला तर पाच वर्षांत १०,५०० गेले. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते तसा प्रीमियमही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी, पण ८,९५९ साठी हा सौदा करायचा का? झिरो डेप असलं तरी हाती १०,३०० च. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही ही सूट टिकवणारं ॲड-ऑन) घेतलेलं असेल तर मात्र खुशाल करा.

उत्तर ४ – कलम_आणि_कागद

बाहेर काम केल्याने अख्खी वॉरंटी जाते, असं काउंटरवर सर्रास सांगतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल देताना नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असा आदेश होता. दंड सुमारे २,५४४ कोटींचा. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, तेव्हा काउंटरवर हा कागद फडकावून काम होईल अशा भ्रमात राहू नका. युक्तिवाद म्हणून वापरा.

व्यवहारात असं: वॉरंटी असेपर्यंत एसीची गॅसलाइन बाहेर उघडू नका, कारण उद्या कॉम्प्रेसर गेला तर कारण तयारच असतं. ब्रेक पॅड बाहेर घातले तर हरकत नाही, पार्ट नंबर असलेलं बिल ठेवा. वायरिंग कापून जोडलेलं काहीही, किंवा बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, असेल तर वाद कठीण आहे.

तुमच्या बाबतीत: 'दगड' हे तोंडी चालणार नाही. जॉबकार्डवर नकाराचं कारण, गळतीची जागा आणि फोटो मागा. लिहून द्यायची वेळ आली की कारण पुष्कळदा बदलतं. नाही दिलं तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करून तक्रार क्रमांक, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

अर्धा_क्लच

गॅस ओढून वजन केलं, ४५० पैकी १९० ग्रॅम निघाला. उजव्या कडेच्या सांध्यावर डाग, फिन्स सरळ. लेखी कारण मागितल्यावर 'कंपनीकडे अप्रूव्हलला पाठवतो' म्हणाले. इव्हॅपोरेटर ठीक. आतला पॅड ५ मिमी, तो राहू दिला. आता दोन शंका: अप्रूव्हल यायच्या आत वॉरंटी संपली तर? आणि नव्या कंडेन्सरला नवी वॉरंटी मिळते का?

कलम_आणि_कागद

तक्रार नोंदवल्याची तारीख धरली जाते. म्हणून जॉबकार्ड उघडं ठेवून गाडी न्या, बंद करून 'नंतर बोलावतो' म्हणत असतील तर मान्य करू नका. जॉबकार्डवर किमी, तारीख आणि 'कंडेन्सर उजवा सांधा गळती, १९० ग्रॅम' हे शब्द हवेत. वॉरंटीत बदललेल्या पार्टला सहसा मूळ वॉरंटीचे उरलेले दिवसच मिळतात, तुमच्याकडे चार महिने. पैसे भरून घेतलेल्या पार्टची मुदत वेगळी असते, ती बिलामागे छापलेली असते.

दहा_बाराचा_पाना

मंजूर झालं तर गॅस, तेल आणि ओ-रिंग्जचे पैसे वेगळे लावू देऊ नका, ते त्याच दुरुस्तीचा भाग आहेत. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर हे चार महिने संपायच्या आत. नंतर घेताना तपासणी आणि जादा पैसे, किंवा नकारच. घेताना यादीत कॉम्प्रेसर, इव्हॅपोरेटर आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा कॉलम आहे का एवढं बघा. कॉइल बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे मजुरीच भारी पडते.