अनुभव धागा: सर बोलतायत, पण संघ ऐकत नाही

२०१७चा १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक आपल्याच देशात होता. स्पर्धेला जेमतेम आठ महिने उरले असताना संघातल्या मुलांनी सह्या करून प्रशिक्षक निकोलाई अ‍ॅडम यांच्याविरुद्ध महासंघाकडे तक्रार केली. अ‍ॅडम गेले, पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. पुढे दिल्लीत तिन्ही सामने हरलो, तरी कोलंबियाविरुद्ध आपल्या जिक्सन सिंगचा हेडर जाळ्यात गेला तेव्हा आमच्या घरात सगळे उभे राहिले होते. परवा पुन्हा हा विषय निघाला. सोळा वर्षांची पोरं सह्या करण्यापर्यंत येतात, त्याआधी मैदानावर काय काय घडत असेल? खेळाडू, कोच, काठावर उभे राहणारे पालक, सगळ्यांनी लिहा. क्लबचं, शाळेचं नाव मात्र नको.

कोल्हापूर, पेठेतला जुना बॅक

आमच्याकडं कोचला कळायच्या आधी गॅलरीला कळतंय. शाहू स्टेडियमवर सलग दोन मॅच हरला की वरनं सुरूच. एका वर्षी बाहेरनं कोच आणला. माणूस हुशार, बोर्डावर बाण काढून समजवायचा. पण पहिल्याच पराभवानंतर तालमीत, चार जाणत्या माणसांसमोर म्हणाला, "पोरांच्यात दमच नाही." विषय तिथंच संपला. कोण उलटं बोललं नाही. सगळे "होय सर" म्हणायचे. पण सरावाला अठराचे नऊ झाले. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाची रात्रपाळी. मी गुडघा सांगितला. गुडघा ठणठणीत होता. शेवटच्या मॅचला त्यानं मला विचारलं, "गुडघा कसा आहे?" खरंच काळजीनं विचारलं राव. काय सांगणार?

लंडन, मूळचा ठाण्याचा

मे २०१५ मध्ये इथला चेल्सी क्लब लीग विजेता, आणि त्याच डिसेंबरात संघ १६व्या क्रमांकावर. लेस्टरकडून १-२ हरल्यावर आपल्या कामाचा विश्वासघात झाला, असं प्रशिक्षक मोरिन्यो जाहीर बोलले आणि तीन दिवसांत त्यांना नारळ मिळाला. त्या शनिवारी मी एका सहकाऱ्याच्या सीझन तिकिटावर चेल्सीच्या मैदानात, स्टॅम्फर्ड ब्रिजला होतो. संघ संडरलंडला ३-१ हरवत होता आणि लोक स्वतःच्याच खेळाडूंची हुर्यो उडवत होते. फॅब्रेगास आणि कोस्टा बदलीसाठी बाहेर येताना तर कानठळ्या बसल्या. एका फलकावर खेळाडूंना चक्क उंदीर म्हटलं होतं. मला ते पटलं नाही. ऑगस्टमध्ये पहिल्याच सामन्यात, मैदानात पडलेल्या आपल्याच हझार्डकडे धावून गेलेल्या संघाच्या डॉक्टरबाईंना मोरिन्योंनी चारचौघांत फैलावर घेतलं होतं. उसवायला तिथूनच सुरुवात झाली, असं माझं मत. शेजारचे आजोबा मात्र मोरिन्योंच्याच नावाने गात होते, त्यामुळे मी मत खिशात ठेवलं.

नागपूर, कॉलेजच्या मुलींच्या संघातली

आमचे सर नावं लक्षात ठेवत नसत. "ए सहा नंबर, झोपली का?" अख्खा हंगाम हेच. एका सराव सामन्यात मी आणि आमच्या विंगरने बिब (नंबरची जाकिटं) बदलले. अर्धा तास ते माझ्या चुकांसाठी तिला ओरडत होते. हसून हसून पोट दुखलं, खरं सांगते. घरी जाताना मात्र वाटलं, या माणसाने वर्षभर आपल्याला पाहिलेलंच नाही. पुढच्या वर्षी आम्ही सात जणींनी नावंच दिली नाहीत.

डिचोली, गोवा

गावच्या संघात कोचचा भाचा स्ट्रायकर. एवढंच सांगतो. त्याला पास कोण देणार?

पुणे, कोच

वर सगळे खेळाडू बोलले, म्हणून दुसरी बाजू. लायसन्सचा कोर्स करून आलो तेव्हा मी हवेत होतो. शाळेचा १७ वर्षांखालचा संघ, समोर सुब्रतो कप या शालेय स्पर्धेची जिल्हा फेरी. मी ठरवलं, गोलकीपरपासून छोट्या पासने खेळ बांधायचा, लांब किक बंद. पावसाळ्याचे दिवस, घोट्याएवढा चिखल, चेंडू तीन फुटांवर थांबायचा. सराव सामन्यांत आम्ही स्वतःच्याच गोलसमोर चेंडू गमावून गोल खात होतो आणि मी म्हणत होतो, "धीर धरा, जमेल."

आधी मुलं प्रश्न विचारायची. "सर, ते वर चढून आले तर?" मग प्रश्न थांबले. मला वाटलं, समजलं वाटतं यांना. आज तेच आठवून स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

जिल्हा फेरीत मध्यंतराला ०-२ होतो. मी बोर्ड घेऊन बोललो, मुलांनी माना डोलावल्या. बाटल्या गोळा करायला वाकलो तर मागे कॅप्टनचा दबका आवाज, "कीपर, लांब मार. मी बघतो." मी त्याला तिथल्या तिथे बाहेर बसवला. बरोबर सांगत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाकीच्यांसमोर मागे कसं यायचं? ०-५ हरलो. सामना संपल्यावर त्याने नेहमीसारखी चेंडूंची जाळी खांद्यावर घेतली आणि बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवून मागे जाऊन बसला. त्याची माफी मागायला मला तीन आठवडे लागले. "ठीक आहे सर," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षी तो खेळायला आला नाही.

आता तो रेफरी आहे. गेल्या हंगामात एका थ्रो-इनवरून मी टचलाइनवर जरा जास्तच बोललो, तर शांतपणे चालत आला आणि मला पिवळं कार्ड दाखवलं. थ्रो-इन समोरच्या संघाचाच होता म्हणा.