मदत हवी आहे: पेमेंट ॲपची एकतर्फी अट, दाद कुठे मागायची?
धरणगावच्या एका किराणा दुकानदाराच्या साउंडबॉक्सचं (पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या यंत्राचं) भाडं ॲपने न विचारता वाढवलं, आणि रोजच्या सेटलमेंटमधून (ॲपवर आलेले पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा होतात त्यातून) परस्पर कापणं सुरू केलं. अटींत लिहिलंय, ‘शुल्क पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते’. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४६) प्रमाणे हा अनुचित करारच (ग्राहकाच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या एकतर्फी अटींचा करार) ठरावा, असं माझं ठाम मत आहे. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी सेवा घेणाराही ग्राहकच मानला जावा आणि ‘व्यावसायिक वापर आहे, म्हणून तो ग्राहक नाही’ ही हरकत टिकू नये, असं मला वाटतं.

अडचण अधिकारक्षेत्राची. अनुचित कराराची तक्रार कलम ४७ नुसार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. एवढ्याशा रकमेसाठी लहान दुकानदाराने तेवढी धावपळ करायची कशी? हीच तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात कुणी चालवली आहे का? कपातीचं स्टेटमेंट आणि अटींचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तक्रारीचा मसुदा असेल तर कृपया द्या.