अंग पुसून टॉवेल मळतो कसा, आणि त्यावर हसायचे कोणाला?

धागाकर्ता, नवी पेठ

आपल्या सोलापुरातले दोन मित्र काही महिन्यांपासून एक विनोदी पॉडकास्ट चालवत आहेत. प्रत्येक भागात रोजच्या जगण्यातला एक विचित्र प्रश्न घ्यायचा आणि पाऊण तास कोणाचाही मुलाहिजा न ठेवता त्याची चिरफाड करायची, असे त्याचे स्वरूप आहे. ताज्या भागातला प्रश्न होता : आंघोळीनंतर आपण स्वच्छ अंगच पुसतो, तर मग टॉवेल मळतो कसा? त्या ओघात एक मित्र म्हणाला की, ज्या घरात आठ दिवस एकच टॉवेल वापरतात त्या घरच्या रेशन कार्डावर टॉवेलचेही नाव चढवले पाहिजे. या एका वाक्यावरून आमच्या परिचितांत दोन तट पडले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. या कार्यक्रमातला आगाऊपणा काढून टाकला तर त्यात काही उरणार नाही. ज्या शहराच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या शहरात वाढूनही मी हा प्रश्न आजवर कोणाला विचारलेला नव्हता, कारण असे प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे लहानपणीच गप्प केले जाते. त्या दोघांनी 'काय बे' म्हणत तो विचारला आणि माझ्या सत्तरीच्या वडिलांनी जेवताना त्यावर अर्धा तास वाद घातला. हास्यास्पद वाटणाऱ्या प्रश्नांना जगातही मान आहे. इग नोबेल हे पुरस्कार 1991 पासून अशाच संशोधनाला दिले जातात, जे आधी हसवते आणि मग विचार करायला लावते. 2001 मध्ये त्यातला एक पुरस्कार बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील दोन डॉक्टरांना मिळाला. त्यांचा विषय होता किशोरवयीन मुलांचे नाकात बोट घालणे. हा विषय कोणा सभ्य माणसाने चारचौघांत काढला असता का?

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे, आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणामुळेच अधिक असहमत आहे. त्या दोन डॉक्टरांनी बंगळुरूच्या शाळांतल्या 200 मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, उत्तरे मोजली, त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जग त्यावर हसले ते त्यानंतर. आपल्या मित्रांनी पाऊण तासात टॉवेल धुणाऱ्या एकाही बाईला काही विचारले नाही. आधी हसवणे आणि मग विचार करायला लावणे यांतला दुसरा भाग त्यांनी गाळला आहे.

रेशन कार्डाच्या वाक्यावर माझा आक्षेप सोवळेपणाचा नाही. ज्या वस्त्यांत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे टॉवेल आठ दिवस वापरला जातो तो आळसाने नव्हे. पिण्याचे पाणी, स्वयंपाक, लेकरांचे गणवेश आणि म्हाताऱ्या माणसांचे अंथरूण असा क्रम लावता लावता टॉवेलची पाळी सर्वांत शेवटी येते. मी पस्तीस वर्षे अशाच वस्तीतल्या मुलांना शिकवले आहे. कपड्यांना वास येतो म्हणून बाकावर शेजारी कोणी बसत नाही, अशी मुलगी माझ्या वर्गात होती. ती दहावीपर्यंत खिडकीजवळ एकटी बसली. तो विनोद ऐकताना मला तीच आठवली आणि मी कार्यक्रम बंद केला.

प्रतिसाद : टॉवेल कारखानदार, पूर्व भाग

विनोद चांगला की वाईट यात मी पडत नाही, पण आमच्या धंद्याविषयी एवढी चर्चा चालली आहे आणि मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही, याचे आश्चर्य वाटते.

टेरी टॉवेल साध्या कापडासारखा विणत नाहीत. त्याला दोन बीमवरचे, म्हणजे दोन रुळांवर गुंडाळलेले, दोन वेगळे ताणे (उभे धागे) लागतात. एक घट्ट असतो, तो कापडाचा पाया. दुसरा सैल सोडलेला असतो. बाण्याचे (आडवे) दोन-तीन धागे थोडे अंतर ठेवून टाकतात आणि मग मागाची फणी ते एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल ताण्याचा धागा वर उचलला जाऊन त्याचे वेढे तयार होतात. या वेढ्यांमुळे तेवढ्याच लांबी-रुंदीत कितीतरी जास्त सूत अंगाला लागते, म्हणून टॉवेल पाणी टिपतो, आणि त्याच कारणाने तो मळही धरून ठेवतो. आंघोळीने अंग स्वच्छ झाले तरी कातडीचा सर्वांत वरचा मृत थर सतत सुटतच असतो. पाण्याने तो मऊ होतो, घासल्याने निघतो आणि वेढ्यांत अडकून बसतो. ओल टिकली की त्यावर जिवाणू वाढतात, आणि कुबट वास येतो तो त्यांच्यामुळे.

म्हणून किती दिवस वापरला याच्याइतकेच, दोन वापरांच्या मध्ये तो पूर्ण वाळला का, हे महत्त्वाचे असते. तीन-चार वापरांनंतर धुवावा असे सर्वसाधारणपणे सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण मे महिन्यात गच्चीवरच्या कडक उन्हात तासाभरात खडखडीत वाळणारा टॉवेल आणि श्रावणात न्हाणीघराच्या खिळ्यावर दिवसभर ओला लोंबणारा टॉवेल यांना एकच हिशेब लागू होत नाही. शिक्षिकाताईंनी सांगितलेल्या घरांत पाणी कमी असले तरी दोरी बहुधा उन्हातच असते, हेही ध्यानात घ्यावे.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही तो विणण्याआधी सुताला लावलेल्या खळीमुळे, असे मित्रांनी त्या भागात सांगितले, पण ते अर्धेच खरे आहे. सुताची खळ नीट धुऊन गेली नसेल तर टॉवेल पाणी टिपत नाही, हे बरोबर. पण टॉवेल हाताला गुळगुळीत लागावा म्हणून शेवटी जे मऊपणाचे द्रव्य देतात, त्याचा थर सुतावर बसतो, आणि तोही पाण्याला अडवतो. दोन-तीन धुण्यांनंतर फरक पडतो. ही माहिती कोणत्याही कारखान्यात चहाच्या वेळेत मिळाली असती.

प्रतिसाद : महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रस्ता

आदरपूर्वक सांगतो, वरच्या दोन्ही प्रतिसादांत विनोदाकडून शाळेचे काम करून घेण्याची अपेक्षा दिसते. सोंगाड्याने राजाची टर उडवण्याआधी राज्यकारभाराचा अभ्यास केला होता का, असे तमाशाच्या प्रेक्षकांनी कधी विचारले नाही. गवळणीतली मावशी देवालाही सोडत नाही, आणि तीच माणसे सकाळी देवळात जातात. ज्या सोलापूरने शाहीर राम जोशी दिला, शास्त्री-पुराणिकांच्या घरात जन्मून तमाशाच्या फडात उभा राहिलेला कवी दिला, त्या सोलापूरने दोन मुलांच्या एका वाक्यावर एवढे गंभीर व्हावे हे मला पटत नाही. चूक उत्तर दिले म्हणून विनोद खोटा ठरत नाही.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

बाळ, तू सोंगाड्याचे उदाहरण दिलेस ते बरे केलेस. सोंगाड्या राजाची टर उडवतो, प्रधानाची, पाटलाची, सावकाराची उडवतो. समोर जमिनीवर बसलेल्या माणसाच्या फाटक्या धोतराची तो टर उडवत नाही, आणि उडवलीच तर आधी स्वतःचे धोतर दाखवतो. राम जोशींबद्दल बोलायचे तर शृंगाराच्या लावण्या रचणारा तो माणूस व्युत्पन्न होता. पुढे त्याने मोरोपंतांच्या कविता कीर्तनांतून गावोगावी नेल्या. त्याच्या बेदरकारपणामागे अभ्यास होता. मी या दोन मुलांकडे उपदेश मागत नाही. त्यांनी आपला आगाऊपणा थोडा वरच्या दिशेला वळवावा, एवढेच मागते.

धागाकर्ता

कारखानदार काकांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि घरात मोठ्याने वाचून दाखवला. ही माहिती त्या भागात असती तर विनोद कमी झाले नसते, उलट खळ आणि वेढे यांवर त्या दोघांनी आणखी पंधरा मिनिटे धुमाकूळ घातला असता. हे मी मान्य करतो. रेशन कार्डाचे वाक्य मात्र मला अजूनही पूर्णपणे वाईट वाटत नाही. आमच्याही घरी टॉवेल आठ दिवस चालतो आणि आम्ही सगळे त्या वाक्यावर हसलो. आपल्याच माणसाने आपल्यावर केलेला विनोद आणि बाहेरच्याने केलेला विनोद यांत फरक असतो, आणि ते दोघे आपल्यातलेच आहेत. ताई, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीपुढे माझ्याकडे उत्तर नाही, हेही तितकेच खरे.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

आपण ज्यावर हसलात ते हसणे मी हिरावून घेत नाही. त्या मुलांपर्यंत आपला निरोप जात असेल तर पुढच्या भागासाठी माझा एक प्रश्न द्या, आणि त्यावर त्यांनी हवा तेवढा आगाऊपणा करावा : नळाला पाणी रात्री दोन वाजता येणार असेल, तर घरातले कोणते माणूस उठते, आणि दर वेळी तेच का?

धागाकर्ता

प्रश्न पाठवला आहे. आमच्या घरी आई उठते. का, हे मी तिला आज पहिल्यांदा विचारले. ती म्हणाली, "तुम्हा दोघांना मोटारीचा आवाज ऐकू येत नाही." आवाज मला ऐकू येतो.