मदत हवी आहे: ट्रॅकवर अधूनमधून धावणाऱ्या रोजच्या गाडीचे ब्रेक कितपत बदलावेत?

नमस्कार.

माझ्याकडे २०२१ सालची फोक्सवागन पोलो, १.० टीएसआय, मॅन्युअल गिअरची गाडी आहे. इंजिन ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटरचे असून त्यात काहीही बदल केलेला नाही. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क आणि मागे ड्रम असे कंपनीतून आलेलेच ब्रेक आहेत. ही गाडी मी पुण्यात रोज ऑफिसला नेते, आई-बाबांना घेऊन घाट उतरून कोकणात जाते, आणि वर्षातून काही वेळा कोईम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेसाठी चालवते. ट्रॅक-डे म्हणजे स्पर्धा नव्हे. शुल्क भरून, नियम पाळून आपली गाडी बंद ट्रॅकवर चालवण्याचा तो दिवस असतो. केवळ ट्रॅकसाठी दुसरी गाडी ठेवणे मला परवडणारे नाही, त्यामुळे जे काही करायचे ते याच गाडीवर आणि तिच्या रोजच्या वापराला धक्का न लावता करायचे आहे.

अडचण अशी आहे. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे आखूड आहे. त्यामुळे एका वळणाआधी तापलेले ब्रेक पुढचे वळण येईपर्यंत पुरेसे निवत नाहीत. पंधरा मिनिटांच्या सत्रात पहिल्या काही फेऱ्या उत्तम जातात. त्यानंतर पेडल कडक लागते, पायाला नेहमीसारखाच प्रतिकार जाणवतो, पण गाडी मात्र हवी तशी थांबत नाही आणि जळकट वास येऊ लागतो. दुपारच्या सत्रात याहून वेगळा प्रकार घडला. पेडल एकाएकी मऊ पडून जवळजवळ तळाला गेले, आणि पाय उचलून दुसऱ्यांदा दाबल्यावरच ब्रेक लागला. मी लगेच वेग कमी करून गाडी बाहेर घेतली आणि त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर गेले नाही. चाके काढून पाहिली तेव्हा पुढच्या पॅडच्या (डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या तुकड्यांच्या) कडा राखाडी होऊन भुगा पडण्याच्या बेतात होत्या, आणि डिस्कवर निळसर झाक आली होती. ब्रेक ऑइल साधे डॉट ४ असून ते दीड वर्षापूर्वी सर्व्हिसिंगमध्ये बदललेले होते. डाव्या पुढच्या कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, निपलमधून (ऑइल काढायच्या तोंडातून) ते काढले तेव्हा त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता आणि त्यात बारीक बुडबुडे दिसत होते.

परत आल्यापासून आणखी एक त्रास सुरू झाला आहे. महामार्गावर ताशी ९०-१०० च्या वेगात हलका ब्रेक लावला, तर स्टिअरिंग थरथरते. गॅरेजवाल्यांच्या मते डिस्क वाकल्या आहेत. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे पुढे मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर यांचा संपूर्ण संच बसवणे, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क लावणे, आणि सगळीकडे स्टीलच्या जाळीचे होस (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) टाकणे. मूळ कॅलिपरला एकच पिस्टन आहे, चार पिस्टन म्हणजे चौपट ताकद, असे त्यांनी समजावले. एकूण खर्च लाखाच्या पुढे जातो. पैसे साठवता येतील, परंतु रोग नीट ओळखल्याशिवाय एवढे मोठे औषध घेणे मला पटत नाही.

म्हणून मी थोडे गणित मांडून पाहिले. माझ्यासह गाडीचे वजन १,२०० किलो धरले आणि वेग ताशी १५० वरून ७० वर आणला, तर ब्रेकना सुमारे ८०० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. शहरात ताशी ५० वरून गाडी पूर्ण थांबवताना हाच आकडा ११५ किलोज्यूलच्या आसपास येतो. म्हणजे ट्रॅकवरचे एकेक ब्रेकिंग शहरातल्या सात थांब्यांएवढे आहे. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या चाकांवर येतो असे मानले आणि दोन्ही डिस्कचे मिळून वजन १० किलो धरले, तर प्रत्येक ब्रेकिंगला डिस्कचे तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी वाढायला हवे. एका फेरीत असे प्रसंग वारंवार येतात. यावरून मला वाटते की माझी अडचण ताकदीची नसून उष्णतेची आहे, कारण गार असताना हेच ब्रेक चारही चाकांचे एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सहज जागे करतात.

हा तर्क बरोबर आहे का? असल्यास फक्त पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून भागेल का? पॅड घ्यायचे तर फेरोडो डीएस २५०० सारखे रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे एकच पॅड बारा महिने ठेवावेत, की ट्रॅकसाठी वेगळा जोड घ्यावा? जुलैच्या पावसात वरंध घाट उतरताना, डिस्क ओल्या आणि गार असताना, पहिल्या दाबाला गाडी थांबली पाहिजे ही माझी अट आहे आणि तीत तडजोड नाही. मागच्या ड्रमचे काय करावे, याविषयीही कृपया लिहावे.

प्रतिसाद

आपण दिलेल्या माहितीतच निदानाचा बराचसा भाग आलेला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्या गाडीत दोन वेगवेगळे दोष घडले आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पेडल कडक राहून गाडी न थांबणे म्हणजे पॅडच्या मिश्रणाने उष्णतेपुढे हात टेकणे. पेडल मऊ होऊन तळाला जाणे म्हणजे कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होणे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा सारा प्रवास ती वाफ दाबण्यातच संपतो. हा दुसरा दोष अधिक धोकादायक आहे, कारण तो फारशी पूर्वसूचना देत नाही. आपण त्या दिवशी थांबलात हे योग्यच केले.

डॉट ४ च्या मानकानुसार नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्या-कोकणातल्या दोन पावसाळ्यांतून गेलेले ऑइल याच दिशेने सरकलेले असणार. मोट्युल आरबीएफ ६०० सारख्या ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. असे ऑइल चारही चाकांपर्यंत पूर्ण बदलून घ्यावे, आणि ते प्रत्येक ट्रॅक-डेच्या हंगामापूर्वी नवे भरावे. जुने उरलेले, सील फुटलेले डबे वापरू नयेत. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल आहे, नाव जवळचे असले तरी ते आपल्या गाडीत चालणार नाही, डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचे आहे. एवढ्या खर्चात आपला अधिक धोकादायक दोष बहुतांशी दूर होईल.

चार पिस्टनच्या हिशेबाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे अनेकांची दिशाभूल होते. सरकत्या कॅलिपरमधला एकटा पिस्टन दोन्ही बाजूंच्या पॅडवर सारखाच दाब आणतो. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये हिशेब करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे असतात. उदाहरणार्थ, ५४ मिलिमीटरच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंटिमीटर भरते, आणि ३८ मिलिमीटरच्या दोन पिस्टनांचे मिळून २२.७. म्हणजे चौपट सोडाच, ताकद आहे तेवढीच राहिली. पिस्टन याहून मोठे घेतले तर पुढचा ब्रेक जोरकस होईल, पण मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) तोच असल्याने पेडल लांबेल आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडेल. चांगल्या संचाचा खरा फायदा मोठ्या डिस्कची उष्णता सामावण्याची क्षमता, जाड पॅड आणि कॅलिपरचा ताठपणा हा असतो. विक्रेत्याला पिस्टनचे व्यास, डिस्कचा व्यास आणि वजन विचारावे. ते सांगता येत नसेल तर तो संच घेऊ नये. भोके पाडलेल्या डिस्कही टाळाव्यात, कारण वारंवार तापल्या-निवल्याने भोकांपासून तडे जातात. आपल्या वजनाच्या आणि शक्तीच्या गाडीला करीसारख्या ट्रॅकवर मूळ मापाच्या, चांगल्या प्रतीच्या साध्या डिस्क पुरतील असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅडबाबत आपली पावसाची अटच निर्णायक ठरते. निव्वळ शर्यतीचे पॅड गार असताना धरत नाहीत, म्हणून ते घाटात नेण्याचा प्रश्नच नाही. डीएस २५०० च्या वर्गातले पॅड गार असतानाही धरतात, मात्र ते आवाज करतात आणि काळी भुकटी जास्त सोडतात. मी असतो तर पावसाळाभर मूळ पॅड ठेवले असते आणि कोरड्या हंगामात हे बसवले असते. एका मिश्रणाचा थर डिस्कवर असताना दुसरे मिश्रण लावले की काही काळ पकड विचित्र लागते, म्हणून दर खेपेला नव्याने बेडिंग करावे, म्हणजे नव्या पॅडचा थर डिस्कवर नीट बसवावा: ताशी शंभरवरून तीसपर्यंत वेग अनेकदा उतरवावा, मध्ये गाडी पूर्ण थांबवू नये, आणि शेवटी ब्रेक न लावता ती निवेपर्यंत चालवावी. हे काम ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रात करावे, सार्वजनिक रस्त्यावर नको. पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर ट्रॅकवर जाऊ नये, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते.

स्टिअरिंगच्या थरथरीचे कारण वाकलेली डिस्क असेलच असे नाही. अतितापलेल्या पॅडचे मिश्रण डिस्कवर एखाद्या ठिकाणी जाड चिकटले तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात, आणि तापलेली गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागेत) ब्रेक दाबून उभी केली की ते हमखास घडते. गॅरेजमध्ये डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावून, फिरताना डिस्क किती डगमगते ते मोजून घ्यावे. सत्र संपताना एक संपूर्ण फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता काढावी, आणि उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

मागच्या ड्रमना हात लावू नका. जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकते आणि मागच्या चाकांचे काम मुळातच कमी होते. ड्रम तापला की फुगून लायनरपासून (आतून ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांपासून) दूर जातो, त्यामुळे पेडल थोडे लांबते, हे खरे आहे. पण त्यावर चांगले लायनर आणि नीट ॲडजस्टमेंट हा उपाय पुरेसा आहे. मागे डिस्क बसवली तर हँडब्रेक, मास्टर सिलिंडर आणि एबीएसची मांडणी असे सगळेच प्रश्न नव्याने उभे राहतात. मागची चाके आधी लॉक होऊ लागली तर गाडी गरकन फिरते, आणि तो धोका ट्रॅकपेक्षा ओल्या घाटात जास्त आहे. जाळीच्या होसमुळे पेडल अधिक नेमके वाटते, उष्णतेवर त्याचा काही परिणाम नाही. मूळ होस तडकले नसतील तर घाई नाही.

एक विनंती. मोठा खर्च करण्यापूर्वी मोजमाप करा. डिस्कच्या कडेला लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात: हिरवा ४३० अंशांना, केशरी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. कॅलिपरवर तापमानाची पट्टी चिकटवा. नवे ऑइल आणि नवे पॅड घालूनही लाल रंग बदलला, तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा.

मूळ धागालेखिका

मनःपूर्वक आभार. पिस्टनच्या क्षेत्रफळाचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता, आणि गॅरेजमध्ये व्यास विचारल्यावर मिळालेले उत्तर समाधानकारक नव्हते. डायल गेज लावून घेतले. डिस्कचे डगमगणे कंपनीच्या मर्यादेतच आहे, त्यामुळे आपण म्हणता तसा चिकटलेला थरच असावा. आता ऑइल, पॅड, मूळ मापाच्या नव्या डिस्क आणि रंगाच्या खुणा एवढेच करायचे ठरवले आहे. विम्याची कागदपत्रेही वाचली. शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीतून वगळलेली आहेत, म्हणजे ट्रॅकवर होणारे नुकसान माझ्याच खिशातून जाणार हे धरूनच चालावे लागेल.

एकच शंका उरली आहे. डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो तो काढला तर हवा अधिक लागेल, असे एका मित्राने सुचवले. तो काढावा का?

प्रतिसाद

रोजच्या गाडीतून तो काढू नये. तो पत्रा चिखल आणि पाणी डिस्कपासून दूर ठेवतो, आणि तापलेल्या डिस्कची धग बॉल जॉइंटच्या रबरी बूटपर्यंत व एबीएसच्या वायरपर्यंत पोहोचू देत नाही. हवा हवीच असेल तर बंपरमधून डिस्कच्या मध्यभागाकडे नळी आणावी, कारण व्हेंटिलेटेड डिस्क हवा मधून ओढून कडेने बाहेर फेकते. पण तेही रंगाच्या खुणा पाहिल्यानंतर. पहिल्या सत्रानंतर कोणता रंग बदलला आणि पट्टीवर किती आकडा आला, तो इथे जरूर लिहावा. पुढचे त्यावरूनच सांगता येईल.