राजवाड्याभोवतीचे रस्ते आणखी रुंद करावेत काय?

रामबागकर

स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत जानेवारी २०१६ मध्ये इंदूरची निवड झाली आणि राजवाड्याभोवतीचा जुना भाग त्या योजनेत घेतला गेला. तेव्हापासून बडा गणपती ते कृष्णपुरा यांसारख्या मार्गांवर घरांचे दर्शनी भाग कापून रस्ते रुंद करण्याचे सत्र सुरू झाले. योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली, रुंदीकरणाची मागणी मात्र संपलेली नाही. माझा त्या मागणीला विरोध आहे. जुन्या शहरात रस्ता कमी पडतो, कारण आहे त्या रस्त्यातला मोठा हिस्सा आपण उभ्या वाहनांना फुकट देऊन टाकला आहे.

या भागाची तपासणी शंभर वर्षांपूर्वी एका जाणत्या माणसाने करून ठेवलेली आहे. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल लिहिला, तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. वस्तीतून आरपार सरळ रस्ता काढण्याच्या त्या काळच्या सरकारी रिवाजाला त्यांचा विरोध होता. त्यांची रीत अशी की आधी गल्लीगल्लीतून पायी फिरायचे, मोडकळीस आलेले घर किंवा ओसाड पडलेली जागा हेरायची, तेवढीच मोकळी करून तेथे लहानसा चौक किंवा झाडाची सावली निर्माण करायची आणि राहती घरे राहू द्यायची. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची एक मिरवणूकही योजली होती. तिचा मार्ग आधी ठरवला नव्हता. ज्या मोहल्ल्यांत साफसफाई आणि घरांची डागडुजी सर्वांत चांगली होईल त्या मोहल्ल्यांतून ती जाणार होती, आणि अखेरीस प्लेगचा उंदीर आणि घाणीचा राक्षस जाळण्यात आले. स्वच्छतेच्या क्रमवारीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या शहराने हा माणूस जवळजवळ विसरून जावा, याचे मला नवल वाटते.

आता साधा हिशेब पाहावा. मागणीप्रमाणे साठ फुटांचा रस्ता केला आणि दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या, तर तेरा-चौदा फूट तेथेच गेले. त्यांच्या पुढ्यात ठेले आणि दुचाक्या आल्या की आणखी दहा फूट जातात. म्हणजे ज्या रुंदीसाठी लोकांचे जिने आणि ओसऱ्या कापल्या, तिचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा वाहतुकीच्या कामी येतच नाही. जवाहर मार्ग आतल्या गल्ल्यांच्या मानाने कितीतरी रुंद आहे. संध्याकाळी तेथून जाऊन पाहावे.

मल्हारगंज

रामबागकरजी, गेडिस यांच्याबद्दल मलाही आदर आहे, परंतु त्यांची रीत ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत आज उरलेले नाही. ओसाड जागा आणि पडकी घरे होती म्हणून त्यांना निवड करता येत होती. आज मल्हारगंजपासून सराफ्यापर्यंत पडके घर रिकामे राहतच नाही. ते पडले की तेथे तीन-चार मजली मार्केट उभे राहते, तळघरात गोदाम होते आणि वरच्या मजल्यावर कापडाचे किंवा प्लास्टिकचे गठ्ठे चढतात. मोकळी करायला जागाच शिल्लक नसेल, तर पडके तेवढेच काढण्याची गेडिस यांची ही नाजूक शस्त्रक्रिया करायची कोठे?

शिवाय त्यांच्या काळचे वाहन म्हणजे टांगा आणि बैलगाडी. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १९.६ लाख होती, आणि ती जनगणनाही आता जुनी झाली. एवढ्या लोकांचा घाऊक बाजार आजही राजवाड्याच्या आसपासच भरतो.

माझा मुख्य मुद्दा आगीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या चांदनी चौकातील भागीरथ पॅलेस या विजेच्या सामानाच्या बाजाराला आग लागली, तेव्हा अरुंद गल्ल्या आणि लोंबकळणाऱ्या तारा यांमुळे बंब आत नेणे अवघड झाले आणि ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. आपल्या शीतलामाता बाजार किंवा बर्तन बाजार यांची रचना त्याहून निराळी आहे, असे कोणी सांगेल काय? ओसरी वाचवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचाही विचार करावा.

सुदामानगर

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंगाने दोन गोष्टी मांडतो. एखाद्या मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत चिंचोळ्या जागेवर आणि चौकांवर ठरते. मधला अर्धा किलोमीटर साठ फुटांचा केला आणि दोन्ही टोकांचे चौक पूर्वीसारखेच राहिले, तर कोंडी नाहीशी होत नाही, ती पुढच्या चौकात जाऊन बसते. मग त्या चौकाच्या रुंदीकरणाची मागणी येते. दुसरे असे की रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना पार्किंग मिळते हे कळल्यावर आजवर रिक्षाने येणारा ग्राहकही मोटार घेऊन येतो.

आगीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यासाठी किती जागा लागते ते मोजता येते. बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. साडेचार मीटर, म्हणजे सुमारे पंधरा फूट, अखंड मोकळी वाट आणि वर तारांचा अडथळा नसलेली पाच मीटर उंची मिळाली की तो आत येतो. त्यामुळे मला विचारावेसे वाटते की साठ फूट हा आकडा कोणत्या मोजणीतून आला? जेथे पंधरा फूटसुद्धा नाहीत, तेथे तेवढ्याच जागी कापावे.

खजुरी बाजार

आपण सर्वजण घरमालकांच्या बाजूने किंवा वाहनांच्या बाजूने बोलत आहात. मी भाडेकरू दुकानदार आहे, म्हणून आमची बाजू लिहितो.

जुन्या बाजारातील दुकान दहा-बारा फूट खोल असते. त्यातले सहा फूट रुंदीकरणात गेले, तर उरलेल्या जागेत कपाट बसते, धंदा बसत नाही. मोबदला बहुतेक वेळा पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे अन्यत्र वाढीव बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा अधिकार, या रूपाने मिळतो. मध्य प्रदेशात त्याचे नियम २०१८ मध्ये झाले. हा हक्क जमिनीच्या मालकाला मिळतो. तीन पिढ्या पगडीवर बसलेल्या भाडेकरूच्या वाट्याला त्यातले काहीही येत नाही. मालकालासुद्धा तो विकण्यासाठी शहरात तो वापरण्याचे क्षेत्र अधिसूचित व्हावे लागते आणि घेणारा बांधकाम व्यावसायिक मिळावा लागतो. तोवर हातात केवळ प्रमाणपत्र.

मात्र रुंदीकरणाऐवजी बाजारात वाहने बंद करा म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. जूनमध्ये आमच्या बाजारात शालेय पुस्तकांचे गठ्ठे येतात, ते हम्मालांच्या डोक्यावरून किती अंतर वाहून आणायचे? माल उतरवण्याची वेळ ठरवून दिल्याशिवाय पादचारी मार्गाची भाषा कोणी करू नये.

रामबागकर

मालाची वेळ ठरवण्याला माझी पूर्ण संमती आहे. चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे. माल त्याआधी किंवा त्यानंतर येतो. येथे तर सराफा रात्री खाण्याचा बाजार होतो, तेव्हा मालाची वेळ पहाटेची ठेवावी लागेल.

मल्हारगंजजी, रस्ता पुरतो की नाही याचा पुरावा आपल्या शहरात दरवर्षी मिळतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत पाण्याचे टँकर आणि रंग उडवणाऱ्या यंत्रांच्या गाड्या अफाट गर्दीतून जातात. टँकर हा बंबाएवढाच मोठा असतो. तो त्या दिवशी जातो, कारण कडेची वाहने हटवलेली असतात.

मल्हारगंज

त्या दिवशी दुकाने बंद असतात, दुकानांवर ताडपत्र्या चढलेल्या असतात आणि चौकाचौकांत पोलीस उभे असतात. एका दिवसाच्या बंदोबस्तावर वर्षाची व्यवस्था चालत नाही. ज्या शहराला सुभाष चौकात बहुमजली वाहनतळ असतानाही रस्त्यावरची दुचाकी तेथे नेता आली नाही, ते शहर बारा तासांची वाहनबंदी पाळेल यावर माझा विश्वास नाही. चांदनी चौकातही बंदी मोडणारे आहेतच, आणि हटवलेली वाहने शेजारच्या गल्ल्यांत उभी राहतात. भिंत मागे सरकवली की ती सरकलेलीच राहते; नियमाचे तसे नाही. म्हणून मी रुंदीकरणाच्या बाजूने आहे. साठऐवजी चाळीस फूट करावे, हे मी मान्य करीन.

सुदामानगर

चाळीस फुटांतही पार्किंगला जागा सोडली, तर बंबाची वाट पुन्हा बंद होईल. भिंत सरकवण्यापूर्वी वरच्या तारा जमिनीखाली न्याव्यात आणि ठरावीक अंतरावर आगीसाठी दाबाच्या पाण्याचे नळ बसवावेत. या दोन्ही कामांसाठी कोणाचेही घर पाडावे लागत नाही.

खजुरी बाजार

साठ असो वा चाळीस, रेषा आखण्यापूर्वी प्रत्येक दुकानाचे किती फूट जाणार आणि भाडेकरूला काय मिळणार हे त्या दुकानाच्या क्रमांकासह जाहीर झाले पाहिजे. आमचा गुमास्ता परवाना त्या पत्त्यावर आहे, बँकेचे कर्ज त्या पत्त्यावर आहे. दुकानच उरले नाही तर हे दोन्ही कोणत्या आधारावर चालू राहणार, याचे उत्तर वरच्या कोणत्याही बाजूने अजून दिलेले नाही.